सत्तावीस नंबरची कात्री

मला याद्या करायची सवय आहे. बाजाराची यादी, प्रवासाला न्यायच्या सामानाची यादी, कोणाकडे कोणता डबा राहिला आहे त्याची यादी. घरचे हसतात, हसू देत. त्यांना चष्मा सापडत नाही तेव्हा माझ्याकडेच येतात. पण मी केलेली एक यादी अशी होती की तिच्यामुळे एका बाईच्या नोकरीची पाच वर्षं गेली. त्या यादीत एकही खाडाखोड नव्हती, अक्षर मोत्यासारखं होतं, आणि हेडक्लार्कनी ती इतरांना दाखवून माझं कौतुक केलं होतं. त्या कौतुकाचा मला अजून राग येतो.

दुसरी पंचवार्षिक योजना सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. पिंपरीच्या माळावर आमचा सरकारी डेपो होता. लढाईच्या दिवसांत उभ्या केलेल्या पत्र्याच्या चार शेड, कुंपणाला काटेरी तार, आणि फाटकाशी एक लिंबाचं झाड. फाटके तंबू, ताडपत्र्या, खाकी पिशव्या तिथे दुरुस्तीला यायच्या. दुरुस्ती करायच्या बायका, साठ-पासष्ट. भोसरी, पिंपरी, दापोडी, थेट कुरुळीपासून आलेल्या. कापडाचे गठ्ठे वाहायचे पुरुष. मी हजेरी कारकून. तेव्हा माझं वय तेवीस, लग्न व्हायचं होतं, राहायला दापोडीत आई-वडिलांकडे. सकाळी साडेसातला टेबलाशी बसून एकेक नाव पुकारायचं, "हजर" ऐकलं की खूण करायची, हे माझं काम. ते मी चोख करत होते.

बायका सगळ्या तात्पुरत्या. तात्पुरत्या म्हणजे काय, तर दर वर्षी मार्च संपला की एक कागद यायचा आणि तात्पुरत्यांची मुदत पुढे एक वर्ष वाढायची. काहीजणी दहा-दहा वर्षं तात्पुरत्या होत्या. त्यांची सेवापुस्तकं नव्हती, नेमणुकीची पत्रं नव्हती. त्यांची नोकरी म्हणजे माझ्या हजेरीपटावरची एक ओळ, बाकी काही नाही. हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

आता ज्या बाईबद्दल लिहिते आहे तिची दोन नावं होती. मी इथे त्यातलं एकही लिहीत नाही. ती माहेरची कुरुळीची, सासरची भोसरीची. डेपोत लागली तेव्हा कुमारिका होती. पाचेक वर्षांनी तिचं लग्न झालं. भोसरीहून रोज चालत यायची, आणि जाड कॅनव्हास सरळ रेषेत कापणं तिच्यासारखं कोणालाच जमत नसे. खडूची रेघसुद्धा मारायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "बाई, पेरलेल्या वावरात जन्म गेला. सरळ कसं चालायचं ते पायाला कळतं, मग हाताला न्हाई का कळनार?"

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतं, यात सांगण्यासारखं काही नाही. पण ते किती बदलतं हे हजेरी लिहिणाऱ्याला कळतं. आडनाव जातं. मधलं वडिलांचं नाव जातं, तिथे नवऱ्याचं येतं. आणि पहिलं नावसुद्धा राहत नाही. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, बायका वाकून वाचतात, झालं. कागदावर पाहिलं तर जुन्या आणि नव्या नावात एक अक्षर सारखं असेलच असं नाही. त्या बाईचं तसंच झालं होतं. लग्नानंतर आठ दिवसांनी हिरवा चुडा वाजवत ती माझ्या टेबलाशी आली आणि लाजत नवं नाव सांगितलं. मी जुन्या नावावर तांबड्या शाईने रेघ मारली, शेजारी "लग्नामुळे नावात बदल" असा शेरा लिहिला, आणि पटाच्या शेवटी नवी ओळ घालून नवं नाव लिहिलं. नव्या ओळीला दाखल तारीख लागते. मी त्या दिवसाची तारीख टाकली.

पुढच्या वर्षी नवा पट केला तेव्हा फक्त चालू ओळी उतरवल्या. तांबड्या रेघा कशाला उतरवायच्या? हेडक्लार्कनी कौतुक केलं ती यादी म्हणजे हाच नीटनेटका पट. आणि तीन वर्षांहून जुने पट नियमाप्रमाणे जाळायचे असतात, त्यांची यादीही मीच केली. त्या यादीचा कागद मात्र कार्यालयात जपून ठेवला होता. जाळलेल्याची यादी ठेवायची, जाळलं ते ठेवायचं नाही, असा नियम.

मग काटकसर आली. परदेशी चलनाची ओढाताण आहे, सरकारी खर्च कमी झाला पाहिजे, असं वर्तमानपत्रात रोज येत होतंच. एक दिवस आमच्याकडे टंकलिखित हुकूम आला. नवी भरती बंद. डेपोतल्या तात्पुरत्यांपैकी अकरा कमी करावे. कमी करताना शेवटी आलेलं आधी जाईल. आणि ज्या स्त्रीचा पती सरकारी नोकरीत आहे तिचा विचार आधी करावा, कारण त्या घराला पोशिंदा आहे.

गठ्ठे वाहणारे पुरुष वेगळ्या पटावर होते. त्यांना हा हुकूम लागू नव्हता. मी हेडक्लार्कना विचारलं, "त्यांच्या घरी बायको सरकारी नोकरीत असेल तर त्यांचा विचार आधी करायचा का?"

हेडक्लार्क पुण्याचे, सज्जन, टोपी खुंटीला लावून काम करणारे. ते हसले. "बाई, तुम्ही विनोदी आहात."

मी विनोद केला नव्हता.

दाखल तारखांप्रमाणे खालून अकरा नावं मोजून यादी करायची, एवढंच काम माझ्याकडे होतं. मी सकाळभरात यादी केली. आठवं नाव लिहिताना हात थांबला. तिचं सासरचं नाव. दाखल होऊन चार वर्षं. ती चार वर्षांपूर्वी आलेली नव्हती, नऊ वर्षांपूर्वी आलेली होती. पाच वर्षांपूर्वी मी डेपोत लागले तेव्हा तीच मला पाणी कुठे मिळतं ते दाखवायला आली होती.

मी तशीच उठून हेडक्लार्कांकडे गेले.

"ही चूक आहे. ही नऊ वर्षांची आहे. लग्नात नाव बदललं तेव्हा मी शेवटी नवी ओळ घातली."

"तुमचा शेरा दाखवा."

"तो पट जाळला."

"कोणाच्या सहीने?"

"तुमच्या. यादी मी केली होती."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला माहीत आहे हो ती जुनी आहे. साऱ्या डेपोला माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि कागद वेगळा. दोन नावं एकाच बाईची, असा दाखला आणायला सांगा. मी लगेच दुरुस्ती करतो."

वरून यादी पंधरा दिवसांत मागितली होती. म्हणजे दाखल्याला पंधरा दिवस.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला शेडमागे बोलावलं आणि सरळ सांगितलं. कसं झालं, कोणी केलं, तेही. ती भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती.

"म्हंजे मी चारच वर्सांची?"

"कागदावर."

"मग आधीची पाच वर्सं कुनी शिवलं? भुतानं?"

मी वही उघडली.

"बाई, मालक दापोडीला सरकारी कारखान्यात हमाल हायेत, तुमास्नी ठावं हाय. त्यांच्याकडंबी ह्योच कागद आलाय. त्यांचं नाव यादीत हाय म्हनं. आता माझंबी गेलं तर चूल कशावर पेटवायची? दोन पोरं हायेत, सासू हाय." मग तिला एकदम हसू आलं. "आन् तुमच्या हुकुमात लिवलंय, नवरा सरकारी हाय म्हनून बायकूला आधी काढा. त्यांच्या हुकुमात काय लिवलं आसंल? बायकू सरकारी हाय, म्हनून नवऱ्याला काढा?"

"तसं लिहीत नाहीत."

"न्हाई, तसं कसं लिवतील!"

मी वहीत यादी केली: कोणकोणते कागद मिळू शकतील. शाळेचा दाखला: ती शाळेत गेलीच नव्हती. जन्माची नोंद: कुरुळीत सापडली तरी त्यात नाव नसतं, अमक्याला मुलगी झाली एवढंच. लग्नपत्रिका: छापली होती, पण तीत वधूचं माहेरचं नाव. सासरचं नाव लग्नाआधी पत्रिकेत कसं असणार? लग्नाची सरकारी नोंद: आमच्याकडे कोण करतं? तलाठ्याकडे गेली तर तो म्हणाला, माझ्या वहीत जमिनी असतात, बायका नसतात. एकेका ओळीवर मी काट मारत गेले.

चौथ्या दिवशी हेडक्लार्कनी तिलाच समोर बोलावलं.

"नाव बदललं तेव्हा काही लिहून ठेवलं असेल ना?"

"व्हय, लिवलं व्हतं."

"मग आणा की!"

"तांदळात लिवलं व्हतं, साहेब."

"ते तांदूळ...?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"शिजवून खाल्ले," ती म्हणाली. शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक खो-खो हसला. मलाही हसू आलं आणि त्याच क्षणी इतका संताप आला की मी दौत बंद करायला गेले ती शाई माझ्याच पदरावर सांडली.

मग सहीचा मुद्दा निघाला. जुन्या कागदांवरची आणि नव्या कागदांवरची सही जुळली तरी चालेल, असं हेडक्लार्क म्हणाले. आणि इथे पुन्हा मीच आडवी आले. डेपोत लागली तेव्हा ती अंगठा उठवायची. लग्नानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत मी तिला सही शिकवली होती. सासरचं नाव, जोडाक्षरासकट. दोन महिने लागले. पहिल्यांदा सही केली तेव्हा शेडमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता जुन्या कागदावर अंगठा आणि नव्या कागदावर सही. जुळणार काय, कपाळ? "पुन्हा अंगठा घ्या आणि ताडून बघा," मी म्हटलं. तर ठसे ताडणारा तज्ज्ञ पोलीस खात्यात असतो, त्याला पत्र पाठवावं लागेल, आणि काटकसरीच्या दिवसांत डेपोचे मोठे साहेब तसल्या पत्रावर सही करणार नाहीत, असं उत्तर आलं.

पण अंगठा कोणत्या जुन्या कागदावर आहे हे तर आधी पाहायला हवं होतं. पट जळले होते. मी विचारलं, "जुना कागद म्हणजे कोणता?" आणि बोलता बोलताच मला आठवलं.

कात्रीची वही.

कॅनव्हास कापायच्या कात्र्या मोठ्या, जड, विलायती. परदेशातून येणाऱ्या, म्हणून त्यांना फार मान. प्रत्येक कात्रीवर नंबर ठोकलेला. कामाला लागताना बाईला कात्री मिळायची आणि वहीत अंगठा घेतला जायचा. नोकरी सोडताना कात्री परत करून वहीत "जमा" लिहून घ्यायचं, त्याशिवाय फाटकाबाहेर सोडत नसत. ही वही कधीही जाळायची नसते. बायकांचे पट तीन वर्षांनी जाळायचे, पण कात्रीची वही कायम. वर्षातून एकदा सगळ्या कात्र्या मोजायच्या आणि "सर्व कात्र्या ज्यांच्या नावे त्यांच्याकडे आढळल्या" असं लिहून हेडक्लार्कनी सही करायची.

भांडारातून वही मागवून घेतली. सत्तावीस नंबर. नऊ वर्षांपूर्वीची तारीख, तिचं माहेरचं नाव, पुढे निळा अंगठा. "जमा"चा रकाना कोरा. आणि नऊ वर्षं हेडक्लार्कांची सही.

मी शेडमध्ये गेले आणि तिच्या हातातली कात्री उलटी करून पाहिली. सत्तावीस. धरायच्या जागी आकडा घासून पुसट झाला होता, पण वाचता येत होता.

दुपारी हेडक्लार्कांसमोर वही उघडून ठेवली. मी बरोबर एक कागद लिहून नेला होता, कारण तोंडी बोललेलं त्यांना ऐकू येत नाही हे मला एव्हाना कळलं होतं.

"हे काय?"

"चौकशीचा अर्ज. सत्तावीस नंबरची कात्री ज्या कुमारीच्या नावावर आहे ती डेपोत नाही. चार वर्षांपूर्वीच तिचं नाव पटावरून गेलं. कात्री जमा केलेली नाही. म्हणजे सरकारी कात्री घेऊन ती बाई पसार झाली."

"काहीतरीच काय! कात्री तर शेडमध्ये आहे."

"दुसऱ्याच बाईच्या हातात. तिच्या नावावर कोणतीही कात्री नाही. चार वर्षं ती कात्रीशिवाय कापते आहे, किंवा दुसरीची कात्री वापरते आहे. आणि तुम्ही दर वर्षी सही केली आहे की ज्यांच्या नावे त्यांच्याकडे आढळल्या."

त्यांनी आपल्या सह्यांवरून एकेक करत बोट फिरवलं.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही फार त्रास देता."

"हो. अर्ज आवक करू का?"

"थांबा." त्यांनी टोपी घातली. साहेबांकडे जाताना ते टोपी घालत. वही काखेत मारून आत गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले तेव्हा चेहरा बराच मोकळा होता. साहेब कात्रीच्या चौकशीला फार घाबरले होते. विलायती कात्री हरवली असं वर कळवायचं, आणि तेही या दिवसांत! त्यापेक्षा बाई तीच आहे हे मान्य करणं सोपं होतं.

दोन दिवसांनी लेखी आदेश आला. तो मला अजून पाठ आहे. सदर कामगार स्त्रीने नावातील बदल राजपत्रात प्रसिद्ध केलेला नसल्याने असा बदल झालाच नाही असे समजावे, आणि तिची सेवा मूळ नावाने, मूळ दिनांकापासून अखंड चालू समजावी.

म्हणजे नोकरी राहिली. नऊ वर्षंही परत मिळाली. फक्त लग्न गेलं.

मी पटावर तिचं सासरचं नाव तांबड्या शाईने खोडलं आणि वर, नऊ वर्षांच्या बायकांमध्ये, तिचं माहेरचं नाव लिहिलं, आधी "कु." लावून. पतीची नोकरी या रकान्यात "लागू नाही". तो रकाना तसा भरला म्हणून पोशिंद्याचं कलमही तिला लागलं नाही. हेडक्लार्कना हे दिसलं. त्यांनी पान उलटलं.

पण यादीत अकरा म्हणजे अकराच हवी होती. एक सुटली की तिच्या जागी दुसरी घ्यावी लागते. तारखेप्रमाणे पुढचं नाव दापोडीच्या एका मुलीचं होतं. माझ्याच गल्लीतली, सकाळी माझ्याबरोबर यायची. तिचं लग्न ठरलं होतं, महिन्यावर आलं होतं. तिला मी काय सांगणार होते? तिच्या तारखेत चूक नव्हती. मी कितीदा तपासलं. ती गेल्यावर सकाळी मी एकटी यायला लागले, आणि तिची आई पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही. मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी माहेरचं नाव पुकारायला लागले. पहिल्या दिवशी ती "हजर" म्हणालीच नाही. चार वर्षांत सवय गेली होती. शेजारणीने कोपराने ढोसलं.

"अगं ए कुमारी, तुला बोलावतायत!"

"कुमारी कशाची! दोन पोरांची आय मी."

"मग जाऊन साहेबांना सांग."

शेडभर हसू. नवऱ्याची नोकरी त्याच आठवड्यात गेली होती, तरी तीही हसली. फक्त सही तिला परत शिकावी लागली. ती म्हणाली, "आता अंगठाच घ्या, बाई. त्यो तरी बदलत न्हाई." मी ऐकलं नाही. पुन्हा जेवणाच्या सुट्ट्या, पुन्हा पाटी. माहेरच्या नावात जोडाक्षर नव्हतं, तेवढी सुटका.

मी सगळ्या अविवाहित मुलींना एकेक करून सांगितलं, लग्न झालं की मला पेढे द्या, नवं नाव देऊ नका. माझं स्वतःचं लग्न झालं तेव्हा मी नाव बदलण्याचा अर्ज केला नाही. सासूबाईंना वाटलं, सुनेला आपलं आडनाव नको आहे. त्यांना कात्रीची गोष्ट सांगितली, पण त्यांना ती काही पटली नाही.

वर्षभराने ती पुन्हा माझ्या टेबलाशी उभी राहिली. पदर पुढे ओढून घेतला होता, तरी सातवा महिना लपत नव्हता. बाळंतपणाची रजा मागायला आली होती. कायद्याने ती मिळत असे, तात्पुरत्या बाईलाही. फॉर्म काढला. वर नाव, त्याखाली "पतीचे नाव".

मी फॉर्म घेऊन हेडक्लार्कांकडे गेले. त्यांनी तो वाचला, मग मिटला.

"कुमारीला बाळंतपणाची रजा? मी यावर काय लिहू?"

"सासरच्या नावाने द्या मग."

"सासरच्या नावाची कोणी बाई आपल्याकडे नोकरीत नाही. आदेश तुमच्याकडेच आहे."

आदेश माझ्याकडेच होता, फायलीत, बरोबर जागी लावलेला. राजपत्रात नाव छापायला किती दिवस लागतात ते विचारलं. बाळाला तेवढा वेळ नव्हता. आणि नाव छापून आलं असतं तर ती पुन्हा सौभाग्यवती, पुन्हा नवी ओळ, पुन्हा नवी तारीख. आणि पुढची यादी येणार अशी बोलवा होतीच.

मी परत आले. तिला काही सांगावं लागलं नाही, माझं तोंड बघून कळलं.

"आसू द्या," ती म्हणाली. "आजारपनाची टाका."

"काय आजार लिहू?"

ती खाली पोटाकडे बघत हसली. "पोटदुखी लिवा. खोटं न्हाई त्ये."

मी लिहिलं, "कु." आणि पुढे माहेरचं नाव, आणि कारण, पोटदुखी. तिने खाली सही केली, सावकाश, एकेक अक्षर नीट. बाळंतपणाच्या रजेत पगार मिळाला असता, या रजेत पंधरवड्यानंतर काही मिळणार नव्हतं. ती पाच आठवड्यांत परत आली, पोट बांधून. पहिल्या दिवशी नाव पुकारल्याबरोबर "हजर" म्हणाली, आणि सुट्टीत एक पुडी माझ्या टेबलावर ठेवली. आत बर्फी होती. म्हणजे मुलगी.

हेडक्लार्कांनाही एक तुकडा दिला. ते म्हणाले, "कशाची ही?"

"पोटदुखीची," मी म्हटलं.

त्यांनी तुकडा हातात धरून इकडेतिकडे पाहिलं, आणि खाल्ला.